मागच्या बाकावर ऐकू आलं नाही

...आणि आज सकाळी तर कहरच झाला! शिलिंगबाईंच्या बेकरीत उभा होतो मी, निमूट, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, एक पाव घ्यायचा आणि घरची वाट धरायची एवढाच बेत, तर ही बाई पिठाचे हात कमरेवर ठेवून भरल्या दुकानात मला विचारते, "काय हो मिस्टर डोनलन, पाइप नाही ना विसरलात आज?" झालं! सगळ्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या, आणि दारातला तो बर्फवाला, खांद्यावर बर्फाची लादी, पाणी टिपटिप त्याच्या कॉलरमध्ये चाललंय, पण गडी हसतोय, लादी हलतेय! मी तसाच तरातरा बाहेर. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, पाव राहिला की! पैसे देऊन बसलोय, पाव फळीवर! आता परत जायचं? म्हणजे पुन्हा तेच? अगदी तेच? नाही गेलो. पोरांनी कोरडी बिस्किटं खाल्ली. तुम्हाला सांगतो, या फोर्ट ली गावात मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आणि गंमत बघा, माझं तोंड या गावाने धड कधी पाहिलंसुद्धा नव्हतं! जवळ सरका जरा... घसा बसलाय, बोलायची बंदी आहे खरं तर, पण बोलल्याशिवाय राहवेल का माणसाला? तर मी एमेट डोनलन. त्या कोपऱ्यावरच्या 'मार्गेराइट' हॉलमध्ये चित्रं दाखवतात ना, हलती चित्रं, त्या पडद्याच्या मागे उभा असतो तो मी. चित्र मुकं असतं, बरोबर? पण आमचे मालक क्राउसेसाहेब, त्यांचा हट्ट, "एमेट, माझ्या हॉलमधलं चित्र बोललं पाहिजे!" म्हणजे काय, तर पडद्यावर माणूस तोंड हलवणार आणि मागून मी बोलणार. म्हातारा, खलनायक, पोलीस, पाद्री, सगळे मीच. घोडा आला की नारळाच्या करवंट्या वाजवायच्या, वीज पडली की पत्रा हलवायचा. आणि नायिका, सासू, राणी, झाडून सगळी लेकरं, ही माझी बायको. हॅटी. माझ्या शेजारच्या खोक्यावर उभी. मागून बघतो म्हणून आम्हाला सगळं उलटं दिसतं, तो डावखुरा तर आमचा उजवा, आणि मधूनमधून पडद्यावर अक्षरं येतात तीसुद्धा उलटी. हॅटी ती उलटी अक्षरं झरझर वाचते हो! मला अजून जमत नाही. आणि कोण काय बोलतोय ते नुसत्या ओठांवरून ओळखते. सहा वर्षं झाली आम्हाला त्या पडद्यामागे.

त्याआधी आम्ही नाटकवाले. गावोगाव फिरायचो. हॅटी नायिका, मी खलनायक, आणि नायक प्यायलेला असला की नायकही मीच. मग पोरं झाली. कोरा नऊची, विल्बर सहाचा. फिरणं थांबलं. तेव्हा मी हॅटीला म्हटलं होतं, "थोडे दिवस गं, पोरं जरा मोठी होऊ देत, मग आपण पुन्हा पुढे उभं राहू, लोकांसमोर." थोडे दिवस! अहो, बोलायला काय जातं माणसाचं? नरड्यावरच पोट भरतो मी!

आता आमच्या घरच्या भांडणांचं म्हणाल तर... कोणाच्या घरात होत नाहीत? तुमच्या होत नाहीत? सांगा ना! हां, मग! आमची जरा रंगतात एवढंच, नाटकवाले ना दोघं. माझी पद्धत अशी, भांडण शिगेला पोचलं की मी टोपी डोक्यावर चढवतो, "हा मी चाललो! कायमचा!" म्हणतो, दार आपटतो, आणि फाटकापर्यंत जातो... आणि लक्षात येतं की तंबाखूचा पाइप राहिला फळीवर. मग परत. पाय न वाजवता आत यायचं, पाइप उचलायचा, आणि पुन्हा, "हा मी चाललो!" आता दुसऱ्यांदा जाताना त्यात काही राम राहत नाही, हे मलाही कळतं. आणि हॅटी! ती माझ्याशी भांडतच नाही. ती स्वयंपाकघरातल्या लोखंडी शेगडीशी बोलते. "ऐकलंस ना गं बाई? म्हणे कायमचा चालला! रात्री कोबी आणि खारवलेलं बीफ आहे म्हणावं, कायमचा जाणाऱ्याला वाढू की नको?" आणि बोलता बोलता तीच एक बशी पुसत राहते, पुसत राहते, नक्षी जाईपर्यंत. हे आपलं घरातलं. चार भिंतींतलं. चार भिंती आणि दोन पोरं. पोरं कोपऱ्यात गोट्या खेळत असायची, मला वाटायचं, खेळतायत!

तर यंदाच्या उन्हाळ्यात ते चित्रवाले गावात आले. येतातच सारखे, नदीपलीकडून फेरीबोटीने येतात, कुणाच्याही ओसरीत कॅमेरा लावतात, कुणाच्याही कुंपणावरून चोर पळवतात, आपण आपली कोंबडी शोधायला बाहेर पडलो तर चित्रात! त्यांचा दिग्दर्शक बेल्डिंग म्हणून, हा ताडमाड, कर्णा तोंडाला लावल्याशिवाय जेवायलासुद्धा मागत नसेल. त्याला विनोदी चित्र काढायचं होतं, भांडकुदळ नवरा-बायको आणि त्यांची पोरं. आमची पोरं त्याने रस्त्यात बघितली, पसंत पडली. घरी आला, बोलणं झालं, आणि जाता जाता म्हणतो, "आईचं काम करायला एक बाई हवी आहे अजून. कुणी असेल तर पाठवा." आणि हॅटीकडे बघितलं. बघितलं हं, नुसतं.

संध्याकाळी मी वर्तमानपत्र वाचत बसलोय, तर हॅटी समोर येऊन उभी. निळा झगा घातलेला. नाटकातला शेवटचा, पेटीच्या तळाशी ठेवलेला. केस वर बांधलेले. मला म्हणाली, "एमेट, जाऊन बघू का रे उद्या?" एवढंच. आणि मी... काय बोललो मी? आता तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे... नको. सांगतो, सांगतो पुढे. अहो, विनोद केला मी, विनोद! माणूस दमलेला असतो, दिवसभर पाद्री-पोलीस ओरडून आलेला असतो, जीभ घसरते. ती काही बोलली नाही. शेगडीशीसुद्धा नाही! भिंतीवरचं घासून चकचकीत केलेलं पातेलं उतरवलं, त्याच्या बुडात स्वतःचं तोंड बघितलं, एप्रनने ते पुसलं, आणि परत टांगलं. आणि त्या दिवसापासून माझ्याशी अक्षर बोलली नाही.

बरं, बोलायची नाही म्हणजे घरी! कामावर काय करणार? पडद्यामागे खोक्यावर चढली की, "प्राणनाथा, तुमच्याविना मी जगू कशी?" अशी गळा दाटून, पुढे बायका डोळे टिपतायत, आणि खोक्यावरून खाली उतरली की, "कोरा, तुझ्या बापाला सांग, माझ्या पायावरची करवंटी उचल." बाप दोन हातांच्या अंतरावर उभा! आणि घरी तर निरोपच निरोप. "विल्बर, बापाला विचार सूप घेणार का." "विल्बर, आईला सांग घेणार." "विल्बर, सांग घे मग." त्या पोराचं सूप गार होऊन जायचं. आमचे निरोप पोचवता पोचवता पोरांना स्वतःचं काही सांगायला वेळ कुठे होता? चित्रात काय काम केलं, काय नाही, आम्ही विचारलंही नाही. आमची पियानोवाली म्हातारी आहे, प्रुइटबाई, तीच त्यांना रोज ने-आण करायची. आणि एक दिवस बघतो तर दारामागे ट्रंक उभी. हॅटीची. मी कोराला म्हटलं, "आईला विचार ही ट्रंक कसली." उत्तर आलं, "बापाला सांग, रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही स्क्रँटनला चाललोय. आयडामावशीकडे." मी म्हटलं, "किती दिवसांसाठी, विचार." कोरा आत गेली, बाहेर आली, आणि म्हणाली, "ती म्हणाली, थोडे दिवस."

थोडे दिवस. माझेच शब्द हो.

आणि त्याच आठवड्यात ते चित्र आमच्या हॉलला लागायचं होतं! क्राउसेसाहेबांनी बाहेर एवढा थोरला फलक रंगवून घेतला, 'आपल्या गावची पोरं! आपल्या गावची पोरं!' आता रीत अशी की सकाळी चित्र एकदा फक्त आमच्यासाठी लावतात, आम्ही बघतो, कोणी काय बोलायचं ठरवतो. पण रीळ आलंच नाही! धुकं होतं, फेरीबोट अडकली, आणि रीळ पोचलं तेव्हा हॉल खच्चून भरलेला, बाकांवर लोक, बाकांमध्ये लोक, शिलिंगबाई पहिल्या रांगेत टोपीवर पक्षी लावून, पाद्रीसाहेब, बर्फवाला, शाळेची बाई, आणि मागच्या बाकावर ती ट्रॅमगाडीवरची दंगेखोर पोरं. क्राउसेसाहेब धापा टाकत मागे आले, "न बघताच बोला आता! भांडणच तर आहे! तुम्हाला काय अवघड?" म्हणजे त्यांनासुद्धा माहीत! लोकांना काय काय माहीत असतं, बघा! दिवे गेले, प्रुइटबाईंचा पियानो सुरू झाला.

पहिलंच दृश्य. स्वयंपाकघर. बाई बशी पुसतेय. मी म्हटलं, ठीक आहे, बशा सगळ्याच बायका पुसतात. मग ती बाई वळली आणि शेगडीशी बोलायला लागली! हात नाचवून! पण माझ्या शेजारी हॅटी कसलेली, लगेच बोलायला लागली, "ऐकलंस ना गं बाई?"... दुसरं काय बोलणार? तोंड तेच हलतंय! मग तो नट. जाड्या, मिशीवाला. टोपी चढवली, दार आपटलं, आणि मी, काय करता, "हा मी चाललो! कायमचा!" लोक हसले. फाटकापर्यंत गेला. थांबला. खिसे चाचपले. आणि मला कळलं. नको रे बाबा, म्हटलं, जा पुढे, जा, कायमचा जा! तो वळला. चवड्यांवर, चोरासारखा आत आला, आणि फळीवरून पाइप उचलला. आणि पहिल्या रांगेतून शिलिंगबाई किंचाळली, "अगं बाई! हा तर एमेट!"

अहो, हसले म्हणजे किती हसावं? पडदा हलत होता हसण्याने! शेजारपाजारचे सगळे, कुंपणावरून रोज बघणारे, त्यांना तर काय, साक्षच मिळाली! पाद्रीसाहेबांचं ते खोल विहिरीतलं हसू मी वेगळं ओळखलं. तुम्हाला सांगतो, तोंड दाखवायला जागा नाही, आणि पळायलाही नाही, कारण मागचं दार हॅटीच्या बाजूला!

पण थांबा. हे काहीच नाही. पाइपाचं हसू मी पचवलं असतं. पुढचं दृश्य लागलं. पडद्यावरची ती बाई निळा... म्हणजे चित्रात रंग कुठला, करडाच, पण केस वर बांधून, चांगला झगा घालून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आणि तो वर्तमानपत्र खाली करून, तिच्या तोंडाकडे बोट दाखवून, काहीतरी बोलायला लागला. बोट हलतंय. मिशी हलतेय. आणि माझं तोंड बंद. कारण तो काय बोलतोय ते त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. मला आणि तिला. मी बोललो होतो, "अगं, चित्रात आवाज लागत नाही, तोंड लागतं! तुझ्याकडे आवाज आहे. तोंड कुठाय?"

सांगितलं शेवटी. बघा, तुम्ही नाही हसलात. त्या दिवशी मी मात्र हसलो होतो, बोलून झाल्यावर.

आता भरल्या गावासमोर हेच पुन्हा बोलायचं? मी गप्प. चित्र चाललंय, बोट हलतंय, आवाज नाही. मागच्या बाकावरून पोरं सुरू, "बोल की रे! मेलास का! पैसे परत!" पाय आपटतायत. आणि अंधारात हॅटी, समोर बघत, माझ्याकडे मानसुद्धा न वळवता, अगदी हळू म्हणाली, "बोल ना. पाठ आहे ना तुला?"

किती आठवड्यांनी ती माझ्याशी बोलली, आणि हे बोलली! काय झालं मला माहीत नाही. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "चुकलो गं मी! हॅटी, चुकलो!" आता बघा, पडद्यावर तो जाड्या बोट नाचवतोय, डोळे वटारतोय, मूठ आपटतोय टेबलावर, आणि आवाज येतोय, "माझी जीभ झडो! माफ कर मला!" आणि मग जो हशा फुटला... असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही, नाटकातही नाही! तो मूठ आपटतोय, मी माफी मागतोय! तो दात खातोय, मी म्हणतोय, "तुझ्यासारखी बाई नाही!" आणि पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं. आता हॅटीची पाळी. मी कान टवकारले. हॅटी तिच्या त्या नाटकातल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मोठ्याने बोल! मागच्या बाकावर ऐकू आलं नाही!"

मोठ्याने बोललो. काय करता? गाव टाळ्या वाजवत होतं. लाज म्हणजे काय, ते मला त्या खोक्यावर कळलं. पडद्यावरच्या बाईने पातेलं उतरवलं, बुडात तोंड बघितलं, पुसलं, आणि सगळा हॉल त्यावरही हसला, आणि हॅटी माझ्या शेजारी उभी होती. त्या हसण्याची लाज मला पाइपापेक्षा जास्त वाटली. आजही वाटते.

शेवटी आमची पोरं आली पडद्यावर. अंगणात खेळतायत. कोराच्या डोक्यावर बापाची टोपी, पार नाकापर्यंत. विल्बरला आईचा एप्रन, पायात येतोय. तेच भांडण, तेच दार, तोच पाइप, आणि चित्रातले आई-बाप कुंपणाआडून बघतायत, शरमतायत. पोरांचे आवाज हॅटीच काढते, दोघांचेही. छान काढत होती. मग कोराने बोट दाखवलं, विल्बर पातेल्यात बघायला लागला... आणि इथे आमच्या घरी जे झालं नव्हतं ते झालं. कोराने टोपी काढली, विल्बरच्या हातातलं पातेलं घेऊन बाहीने स्वच्छ पुसलं, पुन्हा त्याच्यासमोर धरलं, आणि काहीतरी बोलली. चांगलं लांबलचक. हॅटीने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. पियानो तेवढा वाजत राहिला.

घरी येताना मी कोराला विचारलं, थेट, कुणाच्या मार्फत नाही, "का गं दाखवलंस त्या चित्रवाल्यांना हे सगळं?" तर म्हणते कशी, "त्यांनी विचारलं, तुमच्या घरी कसं भांडतात. मी म्हटलं, आमच्या घरी आता भांडत नाहीत, बोलतच नाहीत. ते म्हणाले, न बोलणं चित्रात कळत नाही गं, तिथे कुणीच बोलत नाही. आधीचं दाखव." घ्या! "आणि शेवटी काय बोलत होतीस तू, पातेलं धरून?" "काही नाही. म्हटलं, आई, तू छान दिसतेस, बाबाला उलटंच दिसतं. बेल्डिंगसाहेब म्हणाले होते, काहीही बोल, ऐकू कुठे येतंय!" हॅटी दोन पावलं पुढे चालली होती. तिने मागे वळून बघितलं नाही, पण ती आधीच ओठांवरून वाचून बसली होती, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं.

तुम्हाला वाटेल, मिटलं. छे! क्राउसेसाहेब दुसऱ्या दिवशी घरी हजर, पेस्ट्री घेऊन. "एमेट! काय कल्पना! मूठ एकीकडे, माफी एकीकडे! शेजारच्या एजवॉटरहून ट्रॅम भरभरून माणसं येतायत! प्रत्येक खेळाला हेच पाहिजे, शब्दाचा फरक नको!" म्हणजे आता रोज? प्रत्येक खेळाला? हॅटी शेगडीला म्हणाली, "क्राउसेसाहेबांना सांग, शनिवारपर्यंत मी आहे. रविवारची गाडी ठरलेली आहे." आणि सुरू झालं! दुपारी माफी, संध्याकाळी माफी, जेवणानंतर माफी. आणि दर वेळी हॅटी, "मोठ्याने बोल! मागच्या बाकावर ऐकू आलं नाही!" आणि मागच्या बाकावरची ती कार्टी, त्यांना तर पाठच झालं, तीही तिच्याबरोबर ओरडायची! मी एकदा घरी म्हटलं, "अगं, एवढी मागतोय ना माफी!" तर शेगडीला म्हणते, "ती क्राउसेसाहेबांची. त्याचा ते पगार देतात." बरोबर आहे. काय चुकलं तिचं? शनिवारच्या शेवटच्या खेळाला "चुकलो गं" म्हणता म्हणता माझा आवाज टर्रकन फाटला, आणि गेला. पार गेला.

रविवार उजाडला. मी त्या ट्रंकेवर बसून होतो. पोरं चर्चचे कपडे घालून जिन्यावर बसलेली, एकदा हिच्याकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. सामानवाला आला. "ट्रंक कुठली?" हॅटी हॅट घालत म्हणाली, "तो बसलाय ती." सामानवाल्याने मला बघितलं, आणि त्या मेल्याला तेव्हासुद्धा सुचलं, "काय मिस्टर डोनलन, पाइप आत राहिला का?" कुणी हसलं नाही. मी हॅटीसमोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो. सगळं बोललो. आवाज नाही हो, ठणठणाट! नुसते ओठ. निळ्या झग्याचं बोललो, थोडे दिवस थोडे दिवस म्हणून सहा वर्षं घालवली त्याचं बोललो, पातेल्याचं बोललो. म्हटलं, जा तू बेल्डिंगकडे, मी स्वतः पोचवतो, आणि नको असेल तर स्टेशनवर पोचवतो, पण माझं तोंड हसत होतं त्या दिवशी, त्याची मला फार लाज वाटते. असं सगळं. ती बघत राहिली माझ्या ओठांकडे, पडद्याकडे बघते तशी, डोळे बारीक करून, सबंध. आणि मी संपवल्यावर म्हणाली, "तोंड आहे. आवाज कुठाय?"

आणि हॅट काढली. सामानवाल्याला म्हणाली, "आज राहू दे." विल्बर लगेच विचारतो, "आई, बाबाला काय सांगू?" ती म्हणाली, "काही नको सांगू. मी सांगते." मग मला म्हणाली, स्वतः, शेगडी शेजारी असताना मला, "मध घालून गरम पाणी देते. बस." ट्रंक अजून तिथेच आहे, हं. फक्त त्यातला निळा झगा निघालाय. गुरुवारी सकाळी बेल्डिंगकडे जाऊन आली. तो म्हणाला, पुढच्या चित्रात एक खमकी मावशी हवीच आहे.

पण सोमवारी खेळ होता ना! चित्र तेच, क्राउसेसाहेबांनी आणखी आठवडाभर ठेवलं. आणि माझा आवाज नाही. मी खुणेने म्हटलं, आता काय? हॅटी म्हणाली, "त्यात काय? दोन्ही मीच बोलते." आणि काढते हो माझा आवाज! हुबेहूब! माझी खाकर, माझं ते शब्द ओढणं, सगळं! म्हणजे आता माझी माफीसुद्धा तीच मागते, माझ्या आवाजात, स्वतःचीच, आणि वर स्वतःच मला दटावते, मोठ्याने बोल म्हणून! आणि मी बाजूला करवंट्या घेऊन उभा, घोडा येण्याची वाट बघत, आणि त्या चित्रात घोडाच नाही. लाज वाटते? वाटते की! आणि कालचा खेळ संपल्यावर मी मागच्या दाराने बाहेर पडतोय, तर मागच्या बाकावरची ती कार्टी जाता जाता एकमेकांना म्हणतायत, "काही म्हण, आता कुठे एमेट मनापासून बोलायला लागला!"